‘बॉयकॉट’ हा शब्द कुठून आला? ‘सरकारने ॲप बॉयकॉट केलं’ असं म्हणता येतं का?

आधी उगम सांगतो, कारण अर्थ त्यातच आहे. बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव. (क्रिकेटवाले जेफ्री बॉयकॉट नव्हेत. शब्द त्यांच्या जन्माच्या साठ वर्षं आधीचा.) आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराची इस्टेट होती, आणि कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट तिचा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांच्या पुढे जाईना. सप्टेंबरात बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या.

त्याच महिन्यात पुढारी चार्ल्स पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, चर्चमध्येसुद्धा संबंध ठेवू नका. मेयोच्या लोकांनी हे हत्यार कारभाऱ्यावरच चालवलं. मजूर कामावर येईनात, लोहार काम घेईना, धोबीण कपडे धुईना, दुकानदार माल देईना, टपालही बंद. शेवटी अल्स्टरहून ५० स्वयंसेवक कापणीला आणले, त्यांच्याभोवती सैनिक आणि पोलिसांचा पहारा. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला दहा हजारांवर पौंड गेले! १ डिसेंबरला बॉयकॉट आयर्लंड सोडून निघून गेला.

अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी या शब्दाची हकिगत सांगितली आहे. या कृतीसाठी इंग्रजीत असलेला शब्द शेतकऱ्यांना समजला नसता. मग तिथले पाद्री फादर जॉन ओ’मॅली यांनी सुचवलं, ‘बॉयकॉट करणं’ म्हटलं तर? नोव्हेंबरपर्यंत लंडनच्या वर्तमानपत्रांत तो छापून आला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो उचलला.

आता तुमचं वाक्य. सरकार घालतं ती बंदी, म्हणजे बॅन, तिच्यामागे कायदा असतो. बॉयकॉट लोक करतात, ठरवून, स्वतःच्या मर्जीने अंग काढून घेऊन. म्हणून ‘सरकारने ॲपवर बंदी घातली’ आणि ‘लोकांनी ॲप बॉयकॉट केलं’. बंगालच्या फाळणीनंतर विदेशी कापडाविरुद्ध झाला तो बॉयकॉटच. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला बहिष्कार होता.

एका ठिकाणी मात्र जपून. गाव किंवा जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाकते, त्यालाही इंग्रजीत ‘सोशल बॉयकॉट’ म्हणतात. पण मेयोत दुबळी कुळं बलवानाविरुद्ध उभी होती; इथे सगळं गाव एका घरावर उठतं. मी तरी त्याला नुसतं ‘बॉयकॉट’ म्हणत नाही, ‘वाळीत टाकणं’च म्हणतो. महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.