पॅच मारल्यावर पत्रा पकपक करतोय, काय करू?

प्रश्न: नमस्कार सर, वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे, मागच्या दाराचा खालचा पत्रा सडला होता म्हणून तेवढा कापून सीओटू वेल्डिंगने नवीन पॅच मारून घेतला. आता वेल्डच्या लाईनीत पन्हाळीसारखा खड्डा पडलाय आणि त्याच्या वर वीतभर भागात फुगा आलाय, अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की पक् करून बाहेर. डेंटर म्हणतो गॅसने लाल करून ओलं फडकं मारू, फुगा बसेल, उरलेलं पुट्टीत जाईल. करू का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: नका करू, निदान आत्ता तरी फुग्याला गॅस लावू देऊ नका. फुगा दिसतो म्हणून सगळे फुग्याच्याच मागे लागतात, पण तिथला पत्रा वाढलेला नाहीये हो, तो होता तेवढाच आहे, कमी पडलाय तो वेल्डजवळचा. लोखंडाची 100 मिमीची पट्टी 600 अंशांनी तापली की पाऊण मिमीच्या आसपास लांब व्हायला बघते, पण आजूबाजूचा थंड पत्रा तिला हलू देत नाही, मग ती जागच्या जागी दाबली जाऊन जाड होते आणि थंड होताना मूळच्यापेक्षा आखूड होते. शिवण ओढली गेली की बाजूच्या कापडाला झोळ येतो ना, तसंच झालंय तुमच्या दाराचं. आता फुगाही आकसवला तर दोन्ही बाजूंनी आखूड, आणि मग ते दार सरळ करणं फार अवघड होऊन बसतं.

म्हणजे ताणायचंय ते वेल्डला. दार काढून टेबलावर घ्या, आतला गत्ता काढला की भोकांमधून हात आत जातो. आधी वेल्डचा उंचवटा दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून पत्र्याच्या जवळपास लेव्हलला आणा, पण थोडं थोडं थांबत, एका जागी ग्राइंडर धरून ठेवला तर परत उष्णता आणि परत तेच, शिवाय बाजूचा चांगला पत्रा पातळ होतो ते वेगळंच. मग आतून डॉली, म्हणजे मागून टेका द्यायचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा, वेल्डच्या बरोब्बर मागे घट्ट धरायची आणि बाहेरून सपाट तोंडाच्या हातोडीने फक्त वेल्डवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टीत ठोकत जायचं. हातोडी आणि डॉलीच्या मध्ये पत्रा चेपला जातो, किंचित पातळ होतो आणि पसरतो, तेच हवंय. आवाजाकडे कान ठेवा, डॉली बरोबर खाली असेल तर टण् असा स्वच्छ आवाज येतो, सरकली असेल तर नुसता थप्, आणि थप् वाला घाव खड्डा पाडून जातो. घाव हलके, पण पूर्ण लाईनभर, एक फेरी झाली की थांबून बघा.

बघायचं कसं, तर तळव्याखाली पातळ सुती कापड घेऊन लांब हात फिरवा, उंचसखल लगेच कळतं. किंवा काळ्या मार्करने रंगवून लांब फाईल हलकेच फिरवा, खड्ड्यात काळं तसंच राहतं. फेरीगणिक पकपक कमी होत जाईल. ती थांबली की ठोकणं बंद, कारण जास्त ताणलं तर वेल्डच वर येतो, आणि तेव्हा मात्र उंच टोकावर अगदी छोटा ठिपका लाल करून आकसवायचा. डेंटरची युक्ती चुकीची नाहीये, तिची वेळ ती आहे.

एक खरं सांगतो, सीओटूचा वेल्ड गॅस वेल्डपेक्षा कडक असतो, त्यामुळे वेळ लागेल, घाई केली तर चीर पडू शकते. पुट्टी शेवटी कागदासारखा थर, बस. पकपक करणाऱ्या पत्र्यावर जाड पुट्टी टिकत नाही, दार आपटत राहतं आणि ती तडकते. आणि पुण्याच्या पावसात उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, सकाळी तांबूस झालेला असतो, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा.

डॉली-हातोडी नवीनच घ्यायला पाहिजे असं नाही, रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, फक्त तोंड गुळगुळीत आहे ना ते बघून घ्या, तोंडावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर उमटतो.

प्रश्न: अँबॅसेडरच्या दाराखालच्या बंद बॉक्सला पॅच मारायचाय, मागून हात जात नाही. पत्रा वाकू नये म्हणून आधीच काय करता येईल? — एक वाचक, चिंचवड

उत्तर: तिथे नंतर ठोकायची सोय नाही, म्हणून सगळी काळजी आधीच. जोड सपाट भागाच्या मधोमध घेऊ नका, घडीच्या किंवा गोलाईच्या जवळ घ्या, तिथला पत्रा मुळातच ताठ असतो. कापलेल्या तुकड्याचा चांगला भाग व्हर्नियरने मोजून तेवढ्याच जाडीचा पत्रा आणा. पॅचचे कोपरे गोल करा. टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, इंचभर अंतराने, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, आणि हात टेकवता येईल इतकं गार झाल्याशिवाय शेजारचा टाका नाही. सलग लाईन ओढायचा मोह होतो, ओढू नका. पाणीही मारू नका, आपोआप गार होऊ द्या. एवढं करूनही थोडा खड्डा पडलाच तर स्टड पुलरने, म्हणजे बाहेरून पत्र्याला पिन चिकटवून खेचायच्या अवजाराने, ओढता येतो. आणि बॉक्सच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते बघा, ती बुजली की आत पाणी साचून नवा पत्राही खालूनच सडतो.