गाठीत प्लाझ्मा पेशी दिसल्या, मग कॅपा-लॅम्डा कशासाठी?

तुमच्या मामांच्या जबड्यातल्या गाठीच्या बायोप्सीत 'भरपूर प्लाझ्मा पेशी, कॅपा-लॅम्डा करावे' असं लिहिलंय, म्हणजे कॅन्सरच का, असं विचारलंत. नाही, तेवढ्यावरून ठरत नाही. प्लाझ्मा पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी; दातातला जुना पू असला तरी तिथे त्या गर्दी करतात.

कॅपा आणि लॅम्डा हे अँटिबॉडीतल्या हलक्या साखळीचे (लाइट चेन) दोन प्रकार; एक प्लाझ्मा पेशी त्यांपैकी एकच बनवते. आपण इंदूरचे, तर सराफ्याचंच बघा: एक दुकान गराडूचं, एक भुट्ट्याच्या किसाचं. अख्ख्या ओळीत जिलबीच दिसली तर शंका येणारच ना! साध्या दाहात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, कॅपा साधारण दुप्पट. जवळपास सगळ्या पेशी एकाच प्रकारच्या निघाल्या, तर त्या एकाच पेशीची पिलावळ, म्हणजे प्लाझ्मासायटोमा (प्लाझ्मा पेशींची कॅन्सरची गाठ) किंवा प्लाझ्मा पेशींकडे झुकलेला लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर).

नेहमीच्या इम्युनो स्टेनमध्ये (पेशीतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी) रक्तातली अँटिबॉडीही रंगते, स्लाइड गढूळ दिसते. तेव्हा पेशीतला आरएनए दाखवणारं इन-सिटू हायब्रिडायझेशन मला जास्त भरवशाचं वाटतं. सीडी१३८ हा स्टेन फक्त प्लाझ्मा पेशी शोधायला. तो काही कार्सिनोमातही (त्वचा, अस्तर किंवा ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) रंगतो. एकाच प्रकारच्या निघाल्या, तर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या रक्ताच्या तपासण्या आणि बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणी लागेल. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) मात्र लॅबमधून मागून ठेवा.