सोडालाइट डायलचं डेटोना आणि मुलीच्या कॉलेजचे पैसे

नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की रोलेक्स डेटोना घड्याळ, व्हाइट गोल्ड, लेदर स्ट्रॅप आणि निळी सोडालाइट दगडाची डायल असलेला सेकंडहँड पीस एका विक्रेत्याकडे मिळतोय, बॉक्स आहे पण मूळ खरेदीचे आणि गॅरंटीचे पेपर्स नाहीत, किंमत तुमच्या साधारण दहा महिन्यांच्या हातात येणाऱ्या पगाराएवढी. अर्धे पैसे बोनसमधून आणि अर्धे मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या फंडातून काढायचा विचार आहे, मुलगी आता 12 वर्षांची, आणि सहा वर्षांनी घड्याळ विकून फी भरू, तोवर हातावर वापरूही, असा तुमचा हिशोब. इमर्जन्सी फंड तीन महिन्यांचा आहे आणि होम लोनची 11 वर्षं बाकी आहेत. विक्रेता आठवड्याभरात ॲडव्हान्स मागतोय.

आधी उत्तर सांगतो मग कारणं. या पैशातून घेऊ नका. घड्याळ वाईट आहे म्हणून नाही, उलट ते खरंच सुंदर आहे आणि तुम्हाला ते का आवडलंय हे मला कळतं.

दगडी डायल म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण सगळी किंमत तिथेच बसलीये. सोडालाइटचा एक मिलिमीटरहूनही पातळ काप काढतात, तो धातूच्या बेसवर बसवतात आणि मग त्याला भोकं पाडतात. साध्या तीन काट्यांच्या घड्याळात काट्यांसाठी मध्ये एकच भोक लागतं, पण डेटोनाला तीन सबडायल, म्हणजे मुख्य डायलवरच्या छोट्या डायल, आहेत म्हणजे आणखी तीन भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या वेळी काप तडकायची भीती. म्हणूनच दगडी डायलची क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेली घड्याळं, कमी सापडतात. सोडालाइटमधल्या पांढऱ्या शिरा प्रत्येक तुकड्यात वेगळ्या असतात, त्यामुळे अगदी तशीच दुसरी डायल मिळत नाही, हे तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. पण याचाच अर्थ असा की ती फुटली तर तीच परत मिळणार नाही. माझ्या एका क्लायंटची मॅलाकाइट या हिरव्या दगडाची डायल सर्व्हिसच्या वेळी तडकली, कोणाची चूक ते शेवटपर्यंत ठरलंच नाही, घड्याळ आजही अचूक चालतं पण विकायला काढलं तेव्हा जी ऑफर आली ती ऐकून तो गप्पच बसला. सोडालाइट मॅलाकाइटपेक्षा कठीण आहे हे मान्य, पण ठिसूळ तोही आहेच. तुमच्या मुलीच्या फीचे पैसे त्या एवढ्याशा कापावर ठेवायचे, मला हे पटत नाही.

आता "सोनं आहे ना त्यात" हा तुमचा मुद्दा. 18 कॅरेट म्हणजे 75 टक्के सोनं, आणि तेही फक्त केस (बाहेरचं कवच), बेझल (काचेभोवतीची कडी), बकल अशा भागांत, स्ट्रॅप तर चामड्याचाच. वितळवून जे हाती येईल ते तुम्ही मोजताय त्या रकमेचा लहान भाग असेल. बाकी सगळी किंमत म्हणजे कोणाला तरी हेच घड्याळ हवंय म्हणून तो देऊ करतो ते पैसे. तसा माणूस नेमका तुमच्या फीच्या तारखेला भेटला पाहिजे. फंडाचे युनिट्स काही दिवसांत मोडता येतात, असं घड्याळ चांगल्या भावाला विकायला कधी महिने जातात, आणि घाई असेल तर डीलर सांगेल तो भाव.

आकड्यात बघू. समजा आज 100 ला घेतलं. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर सहा वर्षांनी नुसती किंमत टिकवायला तुमच्या हातात 142 यायला हवेत. विकताना डीलरचं मार्जिन किंवा लिलावाचं कमिशन म्हणून 15 टक्के जातील असं धरा, म्हणजे बाजारभाव 167 च्या आसपास पाहिजे. दरवर्षी जवळजवळ 9 टक्के वाढ, तीही एक पैसा नफा न होता. यात विमा नाही, सर्व्हिस नाही, आणि क्रोनोग्राफची सर्व्हिस साध्या घड्याळापेक्षा महाग पडते. यात रोलेक्सचं 4130 मूव्हमेंट (आतलं यंत्र) असेल तर ते चांगलंच मशीन आहे, कंपनीने 2000 साली आणलं, 72 तास पॉवर रिझर्व्ह, म्हणजे काढून ठेवलं तरी तेवढा वेळ चालतं, पण तेलपाणी त्यालाही लागतंच.

भाव वाढतच जातात असं तुम्ही म्हणता. 2020 पासून 2022 च्या सुरुवातीपर्यंत वाढले, अगदी झपाट्याने, आणि नंतर बरेच खाली आले, त्या शिखरावर ज्यांनी घेतलं त्यांतले कितीतरी जण तोट्यात राहिले. 2017 ला न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं डेटोना 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेलं, ही बातमी सगळ्यांना पाठ असते, पण ते पैसे त्या माणसाच्या हातातल्या घड्याळाचे होते. तुमच्या पीसच्या भावाशी त्याचा संबंध नाही. आणि लिस्टिंगवर दिसणारा आकडा म्हणजे विक्रेत्याची मागणी, खरा विकला गेलेला भाव फक्त लिलावांच्या निकालात दिसतो, तोही त्याच रेफरन्सचा (मॉडेल नंबरचा) आणि त्याच डायलचा बघायचा.

पेपर्स नाहीत ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकतेय. दगडी डायल बाहेरून बनवून घेऊन खऱ्या घड्याळात बसवल्या जातात, आणि तसं काही आढळलं तर कंपनी सर्व्हिसला हात लावत नाही. म्हणजे केस खरी, मूव्हमेंट खरं आणि डायल मात्र कुणीतरी नंतर बसवलेली, असं निघू शकतं. तेव्हा पैसे द्यायच्या आधी घड्याळ उघडून बघणारा स्वतंत्र वॉचमेकर लागेल, विक्रेत्याचा ओळखीचा नको. त्याने डायल 10 पट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली (भिंगाखाली), विशेषतः भोकांच्या कडेला, बारीक तडे आहेत का बघायचं. सोनेरी ठिपके दिसले तर ते पायराइट हे खनिज असू शकतं आणि दगड लॅपिस, म्हणजे दुसराच निळा दगड, असू शकतो, मग सोडालाइट म्हणून का विकतोय हे विचारायचं. लग्ज (स्ट्रॅप जोडायची केसची टोकं) पॉलिश करून गोल झालेत का, डायल कधी बदललीये का, सिरियल नंबर चोरीच्या यादीत आहे का, हे सगळं तपासायचं, अशी यादी ठेवणाऱ्या सेवा आहेत, द वॉच रजिस्टर त्यातलीच एक. रोलेक्सचा स्वतःचा सर्टिफाइड प्री-ओन्ड (प्रमाणित सेकंडहँड) प्रोग्राम डिसेंबर 2022 पासून आहे, त्यात दोन वर्षांची गॅरंटी मिळते. भाव जास्त लागेल, पण तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्याने तो फरक द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय. मुलीच्या फंडाला हात लावू नका, सहा वर्षं म्हणजे फार नाहीत, उलट पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यातला शेअर्सचा भाग हळूहळू कमी करायला लागायचंय. बोनसमधून आधी इमर्जन्सी फंड सहा महिन्यांवर न्या. उरेल त्यातला अर्धा लोनमध्ये, तिथे व्याज वाचतं तो तुमचा पक्का परतावा. आणि अर्धा घड्याळाच्या नावाने वेगळ्या खात्यात, हो खरंच, ते नाव देऊनच, दर वर्षीच्या बोनसमधून त्यात भर घाला. तीन-चार वर्षांनी तिथे जे जमेल ते पूर्ण तुमच्या हौशीचं, त्यात दगडी डायलचं साधं तीन काट्यांचं घड्याळ बसलं तर तेही वाईट नाही, भोकं कमी, तडकायची भीती कमी, किंमतही बहुतेक वेळा कमी. आणि तेव्हाही मनाला डेटोनाच हवं असेल तर घ्या, रोज घाला, विकायचा विचारच करू नका.

विक्रेत्याला आज एवढंच लिहा की वॉचमेकरकडून तपासणी झाल्याशिवाय ॲडव्हान्स देणार नाही, आणि शेवटच्या सर्व्हिसचा कागद मागा. त्याचं उत्तर आलं की मला पाठवा, आणि सोबत फंडात आत्ता किती रक्कम आहे आणि किती शेअर्समध्ये आहे तेही कळवा, कॉलेजचा हिशोब आपण त्यावरून परत मांडू.