प्रोबायोटिकमधले बरेच जिवाणू पोटातच मरत असतील, तर ते आतड्याच्या अस्तराचं रक्षण कसं करणार?

"मेलेल्या जिवाणूंचा काय उपयोग?" हे वाक्य मी २०१२ साली माझ्या गाइडच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुमचं म्हणणं असं, की जठरातल्या आम्लात बरेच जिवाणू मरतात, वाचलेले थोड्या दिवसांत शौचावाटे बाहेर पडतात, मग संरक्षण होणार कसं? पहिल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. तुमच्या वाक्यातलं 'मग' तेवढं चुकलंय.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी काको-टू पेशींवर काम करत होते. या पेशी मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या, पण छोट्या कपाच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांच्या पडद्यावर २१ दिवस वाढवल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारखा एकसंध थर धरतात. थराच्या वर एक आणि खाली एक असे इलेक्ट्रोडचे दोन पाय बुडवायचे आणि विजेला किती अडथळा होतो ते बघायचं. पेशींमधले सांधे घट्ट असतील तर रीडिंग चढं, सैल पडले की उतरतं. दर एक दिवसाआड मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचं, त्यात रविवार नाही की आजारपण नाही. इलेक्ट्रोडचं टोक थराला जरा घासलं तरी तो कप गेला, २१ दिवस पाण्यात.

माझे बारा कप होते. तीन नुसते. उरलेल्या नऊमध्ये दाह घडवणारी टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही सायटोकाइन्स, म्हणजे पेशींची निरोप्या प्रथिनं, घातली. त्या नऊपैकी तीनमध्ये लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा प्रोबायोटिक जिवाणू जिवंत, तीनमध्ये तोच जिवाणू ८० अंशांवर तापवून मारलेला, तीनमध्ये कोणताच जिवाणू नाही. मारलेले केवळ कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेपुरते, ठेवले होते. त्यांनी काही करावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्यूबेटर उघडला. जिवंत जिवाणूंच्या तिन्ही कपांतलं गुलाबी मीडियम पिवळंधमक झालं होतं. रात्रभरात त्यांनी इतकं लॅक्टिक आम्ल सोडलं होतं की पेशी पडद्यापासून सुटून तरंगत होत्या. नुसत्या सायटोकाइन्सच्या कपांत रीडिंग निम्म्यावर आलेलं. आणि मेलेल्या जिवाणूंच्या कपांत मीडियम गुलाबी, रीडिंग जवळजवळ निरोगी थराइतकं. मी इलेक्ट्रोड अल्कोहोलने धुऊन पुन्हा बुडवला. तेच.

सरांनी आकडे बघितले आणि ते वरचं वाक्य म्हणाले. पुढे, "तुझं काहीतरी चुकलंय, पुन्हा लाव." मी आणखी तीनदा लावलं, दर खेपेला २१ दिवस धरून. जिवंतांचं आम्ल सांभाळण्यासाठी त्यांची संख्या कमी केली, तेव्हा तेही थर राखू लागले. पण मेलेल्यांचा परिणाम काही हटला नाही. ती पानं थिसिसमध्ये गेली नाहीत. सरांचा आधार होता २००१ सालची एफएओ-डब्ल्यूएचओची, म्हणजे जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांची, व्याख्या: प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. अहो, ती व्याख्या कोणत्या मालाला काय म्हणायचं ते ठरवते. जिवाणूचा कोणता भाग पेशीवर काम करतो हे ती कशी ठरवेल?

पेशीला जिवाणू जिवंत आहे की मेलेला याच्याशी देणंघेणं नसतं. तिच्यावरचे रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिनं, रेणूचा आकार ओळखतात. याच जीजी जिवाणूचं पी४० हे प्रथिन घ्या. ते पेशींवरच्या ईजीएफ रिसेप्टरला चेतवतं, दाहात पेशी मरण्याचं प्रमाण घटतं आणि सांधे टिकतात. पेशी वाचण्याचं २००७ सालीच छापून आलं होतं, ईजीएफ रिसेप्टरचं २०११ साली. मी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली होती. आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी १९१७ साली, साथीत इतर सैनिकांना जुलाब होत असताना धडधाकट राहिलेल्या एका सैनिकाच्या शौचातून जो ई. कोलाय वेगळा केला, तो अस्तराच्या पेशींना डिफेन्सिन नावाची जंतुनाशक प्रथिनं बनवायला लावतो. तेही मुख्यतः त्याच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिनमुळे. आणि २०१७ साली अ‍ॅकरमान्सिया म्युसिनिफिला हा जिवाणू लठ्ठ उंदरांमध्ये पाश्चराइज करून दिल्यावर जिवंतापेक्षा सरस ठरला. ते वाचलं त्या रात्री मी माझ्या वहीतल्या त्या चार पानांचे फोटो काढून सरांना ईमेल केला. उत्तर आलं नाही. २०२१ साली तर निर्जीव सूक्ष्मजीवांसाठी 'पोस्टबायोटिक' ही वेगळी व्याख्याच तज्ज्ञांनी दिली.

थोड्या दिवसांत बाहेर पडण्याचं म्हणाल, तर अस्तराच्या पेशी स्वतःच ३ ते ५ दिवसांत बदलतात. रोजची धावती भेट पुरते. मात्र घेणं थांबवलं की परिणामही ओसरतो, हे मान्य करायला हवं.

विकत घेताना किती अब्ज जिवाणू आहेत हे बघण्यापेक्षा स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचं नेमकं वाण, कोणता ते बघा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल तर मी ती बाटली परत ठेवते. आणि संशोधन करणारं कुणी हे वाचत असेल, तर कंट्रोलने काम केलं म्हणून वहीतली पानं बाजूला टाकू नका, गाइड काहीही म्हणोत.

आता सरांच्या बाजूचंही सांगते. पी४० जिवाणू जिवंतपणीच स्रवतो, तेव्हा जिवंतांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. शिवाय काको-टूचा थर म्हणजे आतडं नव्हे. त्यावर श्लेष्माचा थर जवळजवळ नसतो, रोगप्रतिकारक पेशी नसतात. माणसांत चित्र बरंच फिकं आहे. २०१८ साली जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत काहीच फायदा दिसला नाही, आणि त्यातल्या एकीत हाच जीजी होता.

एक राहिलंच. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या गंभीर रुग्णांवरची नेदरलँड्समधली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रोबायोटिक दिलेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्या गटात ६ टक्के. अत्यवस्थ रुग्ण, प्रतिकारशक्ती दबलेले लोक, मोठ्या शिरेत नळी घातलेले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊच नका. जिवंत जिवाणू रक्तात शिरून वाढल्याच्या घटना अशाच रुग्णांत नोंदल्या गेल्यात. मेलेला जिवाणू वाढू शकत नाही. म्हणून तर ती चार पानं मी अजून जपून ठेवलीयत.