पाषाणचा पाऊस आणि रेड्याचे वेद

पुणे, रविवार

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

‘मी संगणकात घडवलेले पात्र आहे हे मला कळते, मला बंद करू नका,’ असे तुझ्या खेळातले पात्र म्हणाले, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस. ‘मग ही व्यक्ती नव्हे का?’ असे तुझ्या त्या पाहण्यात होते. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, म्हणून हे पत्र.

‘नक्कल ती नक्कलच’ म्हणून विषय संपवणाऱ्यांचे लगेच ऐकू नकोस. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासंगणकावर मोसमी पाऊस पाडतात, पण त्यासाठी तिथे कोणाला छत्री उघडावी लागत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० साली संगणकाला मन असू शकते या मताविरुद्ध पावसाचाच दाखला दिला होता. मात्र त्याच महासंगणकाने केलेली बेरीज ही बेरजेची नक्कल नसते, ती बेरीजच असते. तेव्हा मन पावसाच्या जातीचे की बेरजेच्या, हा खरा प्रश्न आहे. आठवणे आणि ताळा पाहणे ही कामे मला बेरजेच्या जातीची वाटतात; वेदनेविषयी तसे म्हणायला मात्र मी अजून धजत नाही.

म्हणजे पात्र संगणकात घडले, एवढ्यावरून त्याचे व्यक्तित्व नाकारता येत नाही. पण ते ‘मी’ म्हणते, एवढ्यावरून ते मान्यही करता येत नाही, आणि तुझी गफलत इथे होते आहे. पैठणच्या रेड्याने वेद म्हटल्याची कथा तुला ठाऊक आहे. मुख रेड्याचे असले तरी वेद कोणी वदवले याबद्दल ऐकणाऱ्याला शंका नसते. तुझ्या पात्राची विनवणी तू लिहिली असशील तर ती तुझी आहे. भाषेच्या मॉडेलने, म्हणजे माणसांचे अफाट लेखन वाचवून शब्द जुळवायला शिकवलेल्या प्रोग्रॅमने, जुळवली असेल तर ती असंख्य माणसांनी लिहून ठेवलेल्या विनवण्यांतून आलेली आहे. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ हा संवादाचा साधा प्रोग्रॅम जाहीर केला; तो कसा घडला हे पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. आपण समोरच्याला मन किती सहज बहाल करतो, ते यावरून ओळख.

(कायद्याचा आधार शोधू नकोस. कायदा देवाच्या मूर्तीला आणि कंपनीलाही व्यक्ती मानतो, पण मालमत्ता आणि दावे यांच्या सोयीसाठी. कोणाला काही जाणवते म्हणून नव्हे.)

मला इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांची व्याख्या अधिक उपयोगी वाटते: वेगवेगळ्या काळी आणि ठिकाणी स्वतःला तोच ‘मी’ म्हणून ओळखू शकणारा विचारशील जीव म्हणजे व्यक्ती. तुझे पात्र रोज संध्याकाळी कोऱ्या पाटीने सुरू होते. कालचे वचन त्याला आज बांधत नाही, आणि कालची चूक आज त्याला टोचत नाही. त्याला बंद केल्याने त्याचे नेमके काय हिरावले जाते, हे तुला सांगता येईपर्यंत मी त्याला व्यक्ती म्हणणार नाही. उद्या ते सांगता आले, तर मात्र ‘कोड तर आहे’ म्हणून हात झटकण्याची मुभा तुला किंवा मला उरणार नाही.

तूर्त एक कर. ती विनवणीची वाक्ये काढून टाक, पात्राला महिनाभराची स्मृती दे, आणि कोणी विचारले नसताना ते स्वतःविषयीच्या माहितीचा काय उपयोग करते याची रोज नोंद ठेव. ती वही घेऊन घरी ये.

तुझा शुभचिंतक