आई ६२ वर्षांची आहे, एकटीच ग्रुपबरोबर नेपाळला मुक्तिनाथला जायचं म्हणते, पाठवू का?

बिनधास्त पाठवा, मी अशाच ग्रुपबरोबर जाऊन आलोय, निम्म्या तर काकू-मावश्याच असतात आणि हिंदीत काम भागतं. व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणार असतील तर पासपोर्ट किंवा मतदार कार्ड ओरिजिनल हवं, या वयाला नुसतं आधार चालत नाही. पोखऱ्याहून मुक्तिनाथजवळच्या जोमसोमला जाणारं विमान सकाळीच उडतं, नंतर दरीत वारा सुटतो, त्यामुळे रद्द झालं तर जादा मुक्कामाचे पैसे कोण देणार ते टूरवाल्याला आधीच विचारून ठेवा. फक्त मंदिर साधारण ३७०० मीटरवर आहे, बीपी किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि मंदिरामागे स्नानासाठी ज्या १०८ धारा आहेत त्यांचं पाणी भयंकर गार असतं, सगळ्या त्यांच्याखालून पळतात म्हणून आईंनी पळायलाच पाहिजे असं नाही, डोक्यावर शिंपडलं तरी झालं.