तिन्ही गर्भांचा अहवाल ‘नको’ असा आला तर?

चाळिशीला टेकलेली किंवा ती ओलांडलेली जी जोडपी आयव्हीएफसाठी येतात, त्यांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न हमखास असतो : गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी त्याची जनुकीय तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, करून घ्यावी की नाही? प्रश्न एकच असला तरी त्यामागच्या भीती दोन असतात आणि त्या माणसाला उलट दिशांनी ओढतात. तपासणी केली नाही आणि मूल सव्यंग निघाले तर आयुष्यभर स्वतःला दोष देत बसावे लागेल, ही एक. आणि तपासणीच्या नादात मोठ्या मुश्किलीने तयार झालेले दोन-तीन गर्भही हातचे जातील, ही दुसरी. अशाच एका जोडप्याशी झालेल्या बोलण्याच्या आधारे, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहीत आहे.

बाईंचे वय ४१, यजमानांचे ४४. लग्नच उशिरा झालेले. आधीच्या उपचारात गर्भ राहिला होता, सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोकेही दिसले होते. पण नवव्या आठवड्यात ते थांबले आणि क्युरेटिंग करावे लागले. त्यानंतरच्या सायकलमध्ये तीन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवसांपर्यंत वाढलेले गर्भ, मिळाले आणि ते गोठवून ठेवले गेले. बाईंच्या फाइलमध्ये त्या तिघांचे फोटो प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेले होते आणि प्रत्येकाखाली पेनने दर्जा लिहिलेला होता : ४एए, ४बीबी, ५बीसी. ‘४एए’वर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “मॅडम, हा तर एक नंबर आहे ना? मग याची तपासणी कशाला करायची?”

सुरुवात तिथूनच करावी लागली. हा दर्जा गर्भाच्या दिसण्याचा असतो. पेशी किती आहेत, त्या एकमेकींना कशा बिलगून आहेत, पोकळी किती फुलली आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो दिला जातो. आतल्या गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे की नाही हे दिसण्यावरून कळत नाही. देखण्या गर्भातही एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी असू शकते. वयाचा संबंध येतो तो इथे. स्त्रीच्या शरीरातील बीजे तिच्या जन्माआधीच तयार होतात आणि गुणसूत्रांची विभागणी अर्धवट अवस्थेत थांबवून वर्षानुवर्षे पडून राहतात. गुणसूत्रांच्या जोड्यांना बांधून ठेवणारी प्रथिने त्या काळात झिजतात आणि मग बीज पक्व होताना वाटणी चुकते. त्यामुळे चाळिशीच्या उंबरठ्यावर निम्म्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते आणि ४२–४३ व्या वर्षी हे प्रमाण पाऊण हिश्श्याच्या आसपास जाते. बाईंनी नोकरीत दगदग केली म्हणून, किंवा आधी गोळ्या घेतल्या म्हणून हे होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण न विचारलेला प्रश्न बहुधा तोच असतो.

पीजीटी-ए करताना गर्भाच्या बाहेरच्या थरातून, ज्यापासून पुढे वार तयार होते त्या थरातून, पाच ते दहा पेशी काढतात. त्या पेशी प्रयोगशाळेत जातात. गर्भ गोठवलेल्या स्थितीत केंद्रातच राहतो. यांचे गर्भ आधीच गोठवलेले असल्यामुळे ते वितळवून, पेशी काढून, पुन्हा गोठवावे लागणार होते आणि त्यात थोडी जोखीम वाढते. म्हणून खरे तर हा विषय बीजे काढण्याच्या आधीच निघायला हवा. तो बहुधा नंतर निघतो.

आता मुख्य गैरसमज. यजमानांनी तो अगदी स्पष्ट शब्दांत मांडला : “तपासणी केली की सक्सेस रेट वाढतो, असं आम्हाला सांगितलंय.” या वाक्यात अर्धे सत्य आहे. तपासून योग्य ठरलेला एक गर्भ सोडला, तर त्या एका ट्रान्सफरमागे यश मिळण्याची शक्यता नक्कीच वाढते. पण तपासणीमुळे गर्भ सुधारत नाही. तीन असतील तर तीनच राहतात, त्यांतला कोणता आधी घ्यावा आणि कोणता घेऊच नये एवढेच कळते. तिन्ही एकेक करून सोडले असते तरी त्यांतला जो रुजणारा होता तो रुजलाच असता, फक्त मधल्या अपयशांतून आणि कदाचित एखाद्या गर्भपातातून जावे लागले असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोप आणि इस्रायलमधील ३६ ते ४० वयाच्या ३९६ स्त्रियांवरील चाचणीत नेमके हेच दिसले. तिथे गर्भाऐवजी बीजाचे ध्रुवीय पिंड, म्हणजे बीज पक्व होताना त्यातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या छोट्या पेशी, तपासले होते, पण हेतू तोच होता. वर्षभरात मूल झालेल्या स्त्रियांचे प्रमाण दोन्ही गटांत २४ टक्के होते; गर्भपाताचे मात्र तपासणी झालेल्या गटात ७ टक्के आणि न झालेल्या गटात १४ टक्के. चीनमध्ये १,२१२ तरुण स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर तपासणीच्या गटात मूल होण्याचे एकूण प्रमाण किंचित कमीच, म्हणजे ८१.८ ऐवजी ७७.२ टक्के, आले. त्या स्त्रिया ३७ वर्षांपर्यंतच्या होत्या, म्हणून ते आकडे या बाईंना जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण ‘सक्सेस रेट’ हा शब्द जपून वापरावा एवढे त्यांवरून नक्की कळते.

मी त्यांना कागदावर एक हिशेब करून दाखवला. ४१ व्या वर्षी एक गर्भ सदोष निघण्याची शक्यता ढोबळमानाने दोन तृतीयांश धरली, तर तिन्ही सदोष निघण्याची शक्यता २७ पैकी ८, म्हणजे सुमारे ३० टक्के होते. “हा अहवाल हातात आला, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय कराल?” असे विचारल्यावर दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या मते तपासणीचा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर घ्यावा, तपासणीच्या माहितीपत्रकावर नव्हे. पुन्हा बीजे काढण्याची ताकद, पैसा आणि वेळ आहे का? दात्याच्या बीजाचा विचार मनाला शिवतो का? की तिथेच थांबायचे? ज्या जोडप्याकडे सात-आठ गर्भ असतात त्यांना निवड करण्यात अर्थ असतो. ज्यांच्याकडे एकच असतो त्यांनी प्रत्येक गर्भामागे वेगळे पैसे मोजून त्या एकाच्या पेशी काढाव्यात का, याबद्दल मी साशंक असते. तीन ही संख्या मात्र कोणत्याच बाजूला पुरेशी झुकत नाही, आणि अशा वेळी शेवटी कोणते दुःख त्यातल्या त्यात सोसण्यासारखे आहे, हे माणसालाच ठरवावे लागते.

सव्यंग मुलाच्या भीतीबद्दलही बोलणे झाले. डाउन सिंड्रोमची शक्यता वयाबरोबर वाढते हे खरे. पस्तिशीत ती साधारण ३५० बाळांमागे एक, तर चाळिशीत १०० मागे एक अशी असते. पण याचा अर्थ चाळिशीतही ९९ बाळांना तो नसतो. गुणसूत्रांचा बहुतेक बिघाड असा असतो की गर्भ रुजतच नाही किंवा सुरुवातीलाच पडतो. शिवाय पीजीटी-ए गुणसूत्रांची संख्या मोजते. एकेका जनुकातले दोष, स्वमग्नता, हृदयाची रचना यांतले काही ती सांगत नाही आणि चांगला अहवाल आला तरी गरोदरपणात दहाव्या आठवड्यानंतरची, आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज देणारी एनआयपीटी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भजलाची तपासणी सुटत नाही. उलट, पीजीटी-ए न करताही या तपासण्यांचा मार्ग खुला असतोच. हे ऐकल्यावर बाई थोड्या सैलावल्या, कारण ‘आत्ता नाही केली तर पुढे काहीच कळणार नाही’ असे त्या धरून चालल्या होत्या.

जाता जाता यजमानांनी, काहीसे संकोचून, आईचा एक प्रश्न विचारला : यात मुलगा की मुलगी ते कळतं का? प्रयोगशाळेला ते दिसू शकते, पण ते सांगणे, विचारणे आणि त्यावरून गर्भ निवडणे हे तिन्ही गुन्हे आहेत. या बाबतीत महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. केंद्राचा १९९४ चा कायदा २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही लागू झाला आणि २०२१ च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या, कायद्यातही ही बंदी आहे. अहवालात लिंग छापलेले नसते. आईंना काय सांगायचे हे मी त्यांच्यावर सोडले नाही, वाक्यच तयार करून दिले : “आई, ते विचारलं तर डॉक्टरांसकट आपणही अडकू.”

पंधरवड्याने बाई एकट्याच आल्या. क्युरेटिंगच्या टेबलावर पुन्हा चढण्यापेक्षा रिकामा अहवाल मी सोसू शकेन, असे त्यांनी यजमानांना सांगितले होते आणि तपासणी करायचे ठरले होते. हे कारण मला पटले; कारण ते त्यांच्या अनुभवातून आलेले होते, भीती घालणाऱ्या कुणाच्या बोलण्यातून नव्हे.

अहवालात दोन गर्भ सदोष होते. लाडका ‘४एए’ त्यांपैकीच एक, १६ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असलेला. नैसर्गिक गर्भपातांत सर्वाधिक आढळणारा हाच जादा गुणसूत्राचा प्रकार. तिसरा, ५बीसी, ‘कमी प्रमाणात मोझेक’ होता, म्हणजे काढलेल्या पेशींपैकी काहींत बिघाड आणि काहींत नाही. अशा गर्भांपासूनही निरोगी मुले जन्मली आहेत. २०१५ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी सोडलेल्या १८ मोझेक गर्भांपैकी ६ पासून निरोगी मुले झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हे गर्भ सरसकट टाकून दिले जात नाहीत. मी त्यांना जनुकीय सल्लागारांकडे पाठवले, कारण कोणत्या गुणसूत्राचा मोझेक आहे यावर पुढचा सल्ला अवलंबून असतो आणि ते माझे काम नाही.

सल्ला घेऊन, संमतीपत्रावर सह्या करून त्यांनी तो गर्भ सोडून घेतला. तो रुजला नाही. रक्ताच्या चाचणीचा आकडा कळल्यावर बाईंचा फोन आला तेव्हा त्या रडल्या, पण ‘तपासणी केली नसती तर’ असे एकदाही म्हणाल्या नाहीत. महिन्याभराने दोघे मिळून दात्याच्या बीजाबद्दल विचारायला आले. कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय ५० पर्यंत चालते, त्यामुळे घाई नाही, हे मी त्यांना आधी सांगितले. यजमान तयार आहेत, बाईंना अजून वेळ हवा आहे, आणि पुढच्या भेटीत फक्त त्यांच्याशीच बोलायचे असे आम्ही ठरवले आहे.